खोटं पाणी

आमच्या मोहबोडीत एकच निवड बिनविरोध होते, आणि जो निवडून येतो तोच रडकुंडीला येतो. ग्रामपंचायतीच्या एका जागेपायी इथे सख्खे भाऊ एकमेकांच्या दारचा चहा सोडतात. पण आषाढातल्या अखाडीच्या दुसऱ्या दिवशी तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, बैठक बसली की सगळं गाव एका तोंडानं एकच नाव घेतं. ज्याचं नाव घेतलं जातं तो खेमराज उठतो, हात जोडतो आणि म्हणतो, "आवंदा तरी सोडा जी मले." आम्ही म्हणतो, पुढच्या साली पाहू. मग नारळ फुटतो, चहा येतो आणि माणसं आपापल्या बांध्यांकडे जातात.

खेमराज आमचा पाणकर. म्हणजे तलावाचं पाणी पाळीपाळीनं धानाच्या साऱ्या बांध्यांना वाटून देणारा माणूस. बांधी म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. पण पुण्याबिण्याकडे कुणी हे वाचलं तर त्यानं धुऱ्यांनी, म्हणजे बुटक्या मातीच्या कडांनी, अडवलेला धानाचा तुकडा असं समजावं आणि पुढे चालावं.

गोंदिया जिल्ह्यात तलाव किती, हे मला विचारू नका. भंडाऱ्यातून वेगळे झालो तेव्हा कचेऱ्या वाटल्या, साहेब वाटले, तलाव मात्र जिथल्या तिथे राहिले. आमचा तलाव नवेगाव आणि चिचगड यांच्या मधल्या जंगलाच्या काठाला आहे. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची जात. गोंड राजांच्या वेळी जो तलाव बांधील त्याला खालची जमीन, असं आमचे म्हातारे सांगत आले. आणि आमच्या पूर्वजांनी दोन टेकड्यांच्या मधे माती टाकटाकून ही पाळ, म्हणजे आमच्या बोलीतली पार, उभी केली. मालगुजारी आली आणि गेली. कागदावर आता तलाव सरकारचा आहे. अधूनमधून कुणी साहेब येतो, बेसरमची झुडपं पाहतो, गाळ काढायचं बोलतो आणि जातो. पाणी मात्र जुन्या रीतीनंच वाटलं जातं, कारण साहेब काही छातीभर पाण्यात उतरत नाही.

उतरावं लागतं. पारीच्या पोटाशी दगडी पायऱ्यांचा तुडुम आहे. पायरीपायरीला भोक आणि भोकाला लाकडी बुच. तलाव जसजसा उतरेल तसतसं खालचं भोक उघडायचं, की पाणी पारीखालून पाटात येतं. पाणकर पाण्यात उभा राहून पायानं चाचपत बुच शोधतो आणि बुडी मारून काढतो. खेमराजनं साठी ओलांडली आहे. त्याचे गुडघे त्या गार पाण्यातच गेले, आणि आता तो जिना चढावा तसा सपाट रस्ता चालतो.

कुणी म्हणेल, एवढं गाव पडलंय, दुसरा माणूस नाही? नाही. पाणकराची तलावाखाली बोटभरही जमीन नसावी, अशी रीत आहे. ज्याची बांधी त्याच्याच हाती बुच दिलं तर पाणी कुठे वळेल हे सांगायला जोशी लागत नाही. म्हणून खेमराजच्या बापाला, चिचगडकडच्या रानात मोह आणि तेंदूपत्ता वेचून जगणाऱ्या गोंड माणसाला, आमच्या आज्यांनी पारीखाली घराला जागा देऊन इथे बसवलं. तलाव आमच्या लोकांनी बांधला, पाणी त्याच्या लोकांनी वाटलं. बाप गेल्यावर खेमराज. त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न आम्ही विचारत नाही. बिनजमिनीची जी तरणी पोरं आहेत ती हैदराबादला नाहीतर नागपूरला कामाला. त्याचा पुतण्या लखन नागझिऱ्यात पर्यटकांना जंगल दाखवतो. त्याला एकदा विचारून पाहिलं तर म्हणाला, "वाघ दाखवनं सोपं हाये जी. नाई दिसला तं लोकं वाघाले शिव्या देतेत. पानी नाई पोचलं तं मले देतीन."

दुसरी रीत याहून कडक. पाणकर स्वतःहून सुटत नाही. पारीच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली देवाचे दगड आहेत. तिथे तो ओंजळीत तलावाचं पाणी घेऊन बोलतो, की गाव मला सोडील तेव्हाच मी पाणी सोडीन. हे कोर्टात टिकणार नाही एवढं मलाही कळतं. खेमराजच्या मनात टिकतं, आणि आमचं काम तेवढ्यावर भागतं. गाव त्याला सोडतं ते दोन वाटांनी: एक, सगळे मिळून हो म्हणाले तर. दुसरी, त्यानं खोटं पाणी दिलं तर. एकाच्या पाळीचं पाणी तोडून दुसऱ्याला देणं म्हणजे खोटं पाणी. ज्याचं गेलं त्यानं पारीवर उभं राहून म्हणायचं, "माहं पानी खोटं झालं." त्याच्या वतीनं दुसऱ्यानं म्हणून चालत नाही, खुद्द पाणकरानं म्हणूनही चालत नाही. तेवढे शब्द पडले की पाणकर त्याच दिवशी उतरला. खेमराजच्या बापाच्या आधी असं एकदा झालं होतं म्हणतात.

मी कोण, तेही सांगून टाकतो. पारीखाली माझं किराण्याचं दुकान आहे आणि पाटाच्या शेपटाला दोन बांध्या. वरच्या अंगाचे लोक पाणी अडवतात म्हणून मी त्यांना शिव्या देतो आणि साखर त्यांनाच विकतो. खेमराज माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून तंबाखू चोळतो, तेव्हा तो जे बोलतो ते मी ऐकतो. बाकीचं माझ्या डोळ्यांपुढे घडलं.

मागच्या हिवाळ्यात, धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपला होता, तेव्हा त्याच्या बायकोला, कुंदाबाईला लकवा मारला. चुलीपुढे बसली होती ती तिथेच कलंडली. त्यांची मुलगी राखी गोंदियाला लागून मुर्रीला राहते. जावई हिमांशु तिथल्या एका राईस मिलमध्ये कामाला. त्यांनी तिला नेलं, दवाखाना केला. जीव वाचला, पण एक बाजू गेली आणि जीभ जड झाली. तलाव आटत आला होता, पाण्याचं काम नव्हतं, म्हणून खेमराजही मुर्रीला जाऊन राहिला. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, धरून चालवणं, सारं त्यानं केलं. आणि ती सुधारली. राखी मला फोनवर सांगायची, आई आता बाबांच्या खांद्याला धरून अंगणात फेरी मारते, शब्द जुळवते. फिजिओवाला म्हणाला होता, हे असंच वर्षभर चाललं तर बाई आपल्या पायांनी चालेल. सुटलं तर आखडेल, मग कोणी काही करू शकणार नाही. मोहबोडीत फिजिओ नाही म्हणून तिला इथे आणता येत नव्हतं, आणि राखीच्या एकटीनं ती उचलत नव्हती. आणि अखाडी जवळ आली.

निघताना राखी बापाला म्हणाली, "बाबा, तुमी तलावाचे का आईचे?" हिमांशु गोंदियाचा, हिंदीच बोलतो. त्यानं बसस्टँडवर सासऱ्याला हसत हसत सांगितलं, "बाबूजी, एक बार बेईमानी कर दो ना. खुद ही निकाल देंगे." खेमराजही हसला म्हणे. पण माझ्या ओट्यावर हे सांगताना तो हसत नव्हता.

नुसतं निघून का गेला नाही, असं मीही त्याला एकदा चिडून विचारलं. शपथ आहे, ठीक आहे. पण शपथेपेक्षा मोठं एक कारण त्याच्याकडे होतं आणि ते मला ठाऊक असूनही मी विचारलं. पाणी चालू असताना तो एकदाच गाव सोडून गेला होता. राखीचं पहिलं बाळंतपण अडलं होतं तेव्हा. थोडे दिवस बुच टेकचंदच्या हाती आलं. टेकचंद वरच्या अंगाचा सगळ्यांत मोठा शेतकरी. माणूस वाईट नाही, पण त्याच्या बांध्या तुडुमाला लागून आहेत. खालच्यांना वाटलं पाणी वरच मुरतंय. सकाळी खालचे फावडी घेऊन पारीवर गेले, वरचेही आले. त्या धुमश्चक्रीत खालच्या अंगाच्या आसारामच्या डोक्यात फावडं बसलं आणि तो दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. खेमराज परतला तेव्हा चिता अजून गरम होती. आसारामची बायको दुर्पता पदरात लेकरू घेऊन धुऱ्यावर बसली होती. कुणीही खेमराजला दोष दिला नाही. त्यानं स्वतः दिला, आणि त्यानंतर पाणी चालू असताना तो कधीच बाहेर राहिला नाही.

तर यंदाची बैठक. खेमराज उठला आणि या खेपेला त्यानं नुसतं सोडा म्हटलं नाही. कुंदाबाईचं सगळं सांगितलं. हात कसा आखडतो, ती कशी चालायला लागली होती, फिजिओवाला काय म्हणाला. साधा माणूस, बोलायची सवय नाही. मधेच थांबून तो पाण्याकडे पाहायचा. माणसाला वाईट वाटल्यावर तो जसा जमिनीवरची काडी उचलून मोडतो तसं जो तो काडी मोडत बसला. शेवटी टेकचंद म्हणाला, "खेमराजभाऊ, तुमाले वाटन तेव्हा आमी गाडी करून देतो. भेटून येत जा. पन बुच कोनाच्या हाती देऊ, तुमीच सांगा." खेमराज खाली बसला. हात वर झाले. माझाही झाला. वाईट वाटलंच, पण वाईट वाटल्यानं बांधी भिजत नाही.

दसरा झाला आणि यंदा पाऊस लवकर पळाला. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान निसवायला आला होता, म्हणजे लोंब बाहेर पडायच्या बेताला. त्या वेळी पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाही मिळालं तर टरफल उरतं. तलाव अर्ध्याच्या खाली. हेच शेवटचं पाणी. पाळी एका साली वरून आणि एका साली शेपटाकडून सुरू होते. यंदा शेपटाकडून होती. पहिली बांधी दुर्पताची, मग माझ्या.

दुर्पताबद्दल सांगायला हवं. तिची एवढीच एक बांधी, अगदी जंगलाला लागून, जिथे विजेची तार पोचली नाही आणि बोअरला दगड लागतो. बाकी वर्षभर ती दुसऱ्यांच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, कापणीला, मिळेल त्या मजुरीला जाते. आसारामच्या मागे तिनं मुलगा देवेंद्रला वाढवलं ते तोंडाच्या बळावर. शेजारच्या सुशिलाबाईच्या कोहळ्याचा वेल कुंपणावरून हिच्याकडे आला तर त्या वेलावरून दोघींचं भांडण रोवण्यापासून कापणीपर्यंत चाललं होतं. दुर्पता बोलायला लागली की माझ्या दुकानातली गिऱ्हाईकं सामान विसरून बाहेर जातात.

याच तोंडावर खेमराजनं भरवसा ठेवला. त्याचा हिशेब मला नंतर कळला. वरच्या कुणाचं पाणी तोडलं तर पुन्हा फावडी निघतील. माझ्यासारख्याचं तोडलं तर मी दुकानात बसून कुरकुर करीन, पारीवर उभा राहणार नाही (हे मला लागलं, पण खरं आहे). दुर्पताचं तोडलं तर ती दुपारच्या आत गाव गोळा करील, ते शब्द बोलील, आणि तो सुटेल. पंच सगळ्यांच्या देखत बुच हाती घेतील आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी तिचीच बांधी भिजवतील. तिचं नुकसान एका दिवसाचं. कुंदाबाई वाचेल.

सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, त्यानं दुर्पताच्या बांधीकडे जाणारं पाणी नुकतं सोडलं होतं. तळ जेमतेम ओला झाला असेल. त्यानं फावड्यानं माती ओढून बांधीचं तोंड बुजवलं, वर जाऊन पाट टेकचंदच्या बांध्यांकडे फोडला आणि परत खाली आला. मी माझ्या धुऱ्यावर उभा.

"काऊन भाऊ? तिची पाळी नाई झाली ना अजून," मी म्हटलं.

"नाई झाली," तो म्हणाला. "पाहून राहिले ना तुमी? मंग झालं."

तो तिथेच उभा राहिला, फावड्यावर हात ठेवून. दुर्पता आली. तिनं बुजवलेलं तोंड पाहिलं, वर वाहणारं पाणी पाहिलं, मग खेमराजकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता, आणि मला तो शाळेत निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखा वाटला. मी कानावर हात ठेवायच्या तयारीत होतो. दुर्पतानं डोक्यावरचा पदर नीट केला, धुऱ्यावरून खाली उतरली आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती मिरच्या वाळवत होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गप्पच. खेमराज तिच्या घरावरून दोनदा, तीनदा गेला. तिनं एकदा पाणी पिता का म्हणून विचारलं, बस. आणि गाव? गावानं जे केलं ते आठवलं की मला हसूही येतं आणि स्वतःच्या गावाचा संतापही. कुणाला वाटलं नाही की पाणकर चुकला. टेकचंद म्हणाला, माह्या धानाले आधी गरज व्हती, खेमराजभाऊच्या नजरेतून सुटत नाई. सुशिलाबाई म्हणाली, दुर्पताची बांधी खोलगट आहे, तिच्यात ओल टिकते. वर्षानुवर्षं खरं वागलेल्या माणसाचं खोटंही लोक पडू देत नाहीत. खेमराजनं दुकानात तीन-चार जणांसमोर मोठ्यानं म्हटलं, "मी तिचं पानी तोडलो जी." तर एक जण म्हणाला, "तोडलं असन तं काही पाहूनच तोडलं असन."

आज बोलेल, उद्या बोलेल म्हणून खेमराज दुर्पताच्या बांधीचं तोंड बुजलेलंच ठेवून थांबला, आणि पाळी वर वर सरकत गेली. माझ्या बांध्या भिजल्या, मधल्या भिजल्या, आणि तलाव उतरत शेवटच्या बुचाशी आला. त्याखालचं पाणी गुरांचं आणि माशांचं; त्याला हात लावायचा नाही, ही रीत मोडायला तर गोंड राजाही धजला नसता. तेव्हा खेमराज टेकचंदकडे गेला आणि म्हणाला, तुमच्या बांधीतलं थोडं पाणी खाली सोडू द्या, दुर्पताचा धान मरून राहिला. टेकचंदनं त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. "भाऊ, धान आता पोटात दाणा धरून राहिला. आता कसं सोडू? आन् तुमी देल्लेलं पानी मी परत करनं म्हंजे तुमाले खोटं पाडनं. ते पाप मी नाई करत." खेमराज तिथून उठून थेट दुर्पताच्या बांधीवर गेला. लोंबा बाहेर पडल्या होत्या, पांढऱ्या, हलक्या, ताठ उभ्या. भरलेली लोंब वाकते.

मग त्यानंच बैठक बोलावली. पाणकरानं बोलावलेली बैठक मी जन्मात पाहिली नव्हती. पारीवर सगळे आले, दुर्पताही आली, देवेंद्र तिच्या मागे उभा. खेमराज म्हणाला, "मी खोटं पानी देल्लो. समजून-उमजून देल्लो. दुर्पताबाईचा धान गेला. मले उतरवा." आता मात्र कुणाला त्याच्यासाठी कारणं शोधता येईनात. सगळ्यांच्या माना दुर्पताकडे वळल्या, कारण शब्द तिचा हवा होता. त्या क्षणी मी मनातून म्हणत होतो, बोल बाई, बोल आणि सोडव त्याला. आणि त्याच मनातून हेही म्हणत होतो, बोलू नको. दोन्ही खरं.

"मले काही सांगाचं नाई," दुर्पता म्हणाली, आणि पार उतरून गेली.

बैठक उठली. खेमराज तुडुमाशेजारी बसून राहिला. त्याच्या जवळ जायची माझी हिंमत झाली नाही.

कापण्या झाल्या, खळी लागली. आमच्याकडे खळ्यावर पाणकराचा वाटा असतो: प्रत्येक घर पहिलं सूपभर धान त्याच्या दुपट्ट्यात ओततं, त्यावर त्याचं वर्ष जातं. खेमराज खळ्याखळ्यानं फिरला. दुर्पताच्या खळ्याकडे मात्र तो गेला नाही. माझं खळं तिच्याला लागून. तो माझा वाटा घेऊन तिच्या कडेनं मान खाली घालून निघाला होता. तिनं हाक मारली.

"वाटा नाई नेला माह्या घरचा?"

तो थांबला. "कोन्त्या तोंडानं नेऊ, बाई? तुह्या घरी दानाच नाई, आन् तो माह्यानं नाई."

"मंग बोलली का मी काही?"

इतक्या दिवसांचं सारं त्याच्या तोंडातून तेव्हा बाहेर पडलं. "काऊन नाई बोललीस? एक शब्द बोलली असतीस तं मी सुटलो असतो, तुही बांधी दुसऱ्या दिवशी भिजली असती! माही बाई तिकडे आखडून राहिली. पाय गेले तिचे. आता फोनवर आवाजही नाई निघत. तुहं काय वाईट केलो व्हतो मी, आँ? शिव्या देल्ली असतीस. गावभर शिव्या देतेस, मलेच काऊन नाई देल्लीस?"

मला वाटलं, आता पेटली. पण ती सूप मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या आवाजात मी कधी न ऐकलेला शांतपणा होता.

"तुमी पानी तोडलं आन् माह्याकडं पाहून राहिले, तेव्हाच समजलं मले. खोटं करनारा तोंड लपवते, भाऊ. तुमी माह्या तोंडाची वाट पाहून राहिले व्हते. कुंदाबाईचं मले माहीत हाये, सारं माहीत हाये. म्हनूनच नाई बोलली."

"म्हनून?"

"तुमी सुटले असते तं बुच कोनाच्या हाती जाते? टेकचंदच्या. मंग वरचे-खालचे फावडे घेऊन पारीवर." तिनं हनुवटीनं देवेंद्रकडे दाखवलं. तो पलीकडे तणसाचे भारे रचत होता, उघडा, उंच, रुंद पाठीचा. "तो पाहा. बापाच्या अंगाचा झाला. बापाचाच राग हाये त्याच्यात. सर्वायच्या पयले तोच धावन. एक साल धान गेला तं मी मजुरी करीन, कंट्रोलचा तांदूळ खाईन. तो गेला तं काय खाऊ?"

खेमराज म्हणाला, "माही बाई मरून जाईन तिकडं, दुर्पता."

"असन," ती म्हणाली. "ते पाप माह्या माथ्यावर. देवाले मी सांगीन. पन तुमाले सोडनार नाई."

असं ती त्याच्या तोंडावर म्हणाली. मी इतका जवळ होतो की मला उठून तिथून जाता आलं नाही आणि मान वर करता आली नाही. मला दुर्पताचा राग आला, भयंकर आला. तिनं चूक केली असं म्हणायला मी तोंड उघडून पाहिलं तर शब्द सापडेना.

मग तिनं आपल्या ढिगातून सूप भरलं. त्यात टरफलंच होती. वाऱ्यावर धरली असती तर सगळी उडाली असती. ती दोन्ही हातांनी सूप धरून त्याच्यापुढे उभी राहिली. "घ्या. दर साली देतो, आवंदा काऊन नाई."

मग त्यानं दुपट्टा पसरला. माझ्या भरल्या धानावर तिची टरफलं पडली, तेव्हा आवाजही झाला नाही. त्यानं गाठ मारली, खांद्यावर टाकली, आणि देवेंद्रला हाक देऊन म्हणाला, "उन्हाळ्यात तुमच्या बांधीपर्यंतचा पाट खोल करू. फावडं घेऊन येजो." देवेंद्र हो म्हणाला.

खेमराज पुढच्या खळ्याकडे गेला. दुर्पता सुपाकडे पाहत रडत होती. मी माझ्या धानाकडे वळलो. यंदा माझा धान चांगला झाला होता.